शस्त्रक्रियागृह आहे, भूल कोण देणार?

महोदय,

गेल्या पावसाळ्यात माझी बहीण अडली, तेव्हा ग्रामीण रुग्णालयातून तिला रात्रीच जिल्ह्याला हलवावे लागले. स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या, शस्त्रक्रियागृह होते; भूल देणारे कुणी नव्हते. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण घाटातला तो दीड तास आठवला की आजही पोटात गोळा येतो.

भूलशास्त्रात एम.डी. व्हायला एमबीबीएसनंतर ३ वर्षे लागतात. म्हणून केंद्राने एमबीबीएस डॉक्टरांसाठी प्रसूतीवेळच्या जीवरक्षक भुलेचे १८ आठवड्यांचे प्रशिक्षण आखले. योजना चांगलीच. पण असा डॉक्टर शस्त्रक्रियाच होत नाहीत तिथे बदलून गेला, तर बसलेला हात जातो. प्रशिक्षणाआधीच नेमणुकीचे ठिकाण ठरवा. अडीअडचणीला फोनवर विचारता येईल असा ज्येष्ठ भूलतज्ज्ञही त्याला जोडून द्या.

– एक वाचक, जि. सातारा