शनिवार-रविवारच्या सरावाआधी

चि. मल्हार,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी रात्री पोचशील आणि शनिवारी पहाटे साडेपाचला सायकलवर बसशील, तेव्हा बोलायला वेळ मिळणार नाही. म्हणून आधीच सविस्तर लिहिते आहे. बसमध्ये निवांत वाच.

गोव्याची ट्रायथलॉन स्पर्धा म्हणजे एकापाठोपाठ १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं. या तिन्ही गोष्टी तू वेगवेगळ्या करू शकतोस, याची मला खात्री आहे. गोव्याला जी माणसं मागे पडतात ती बहुतेक सांध्यांत पडतात: पाण्यातून सायकलवर जाताना, सायकलवरून पायांवर येताना, आणि पोटात. या दोन दिवसांत आपल्याला हे सांधे पक्के करायचे आहेत. तू किती वेगाने जाऊ शकतोस हे बघायला हा शनिवार-रविवार नाही. सायकलवर आणि पळताना पूर्ण वेळ एक अख्खं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं की वेग जास्त झाला.

आधी सायकल आणण्याचं बघ. बसच्या डिकीत ठेवताना चेनची बाजू वर असू दे. चेनची बाजू खाली गेली किंवा तिच्यावर कुणाची बॅग पडली, तर मागच्या डिरेलरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्राचा) हँगर, म्हणजे तो ज्यावर टांगलेला असतो तो धातूचा तुकडा, वाकतो. डोळ्यांना ते दिसत नाही. चढावर सगळ्यात हलका गिअर टाकलास की डिरेलर स्पोकमध्ये शिरतो, आणि तिथेच राइड संपते. घरी आल्यावर सायकलच्या मागे उभा राहून बघ: डिरेलरची छोटी चाकं आणि कॅसेटचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचे) दाते एका उभ्या रेषेत हवेत. मग चाक हाताने फिरवत सगळे गिअर एकदा खालीवर कर. शेवटच्या, सगळ्यात मोठ्या चक्रावर खरखर आली तर त्या गिअरला हात लावू नकोस. सकाळी सायकलवाल्याकडे हँगर सरळ करून घेऊ आणि दुपारी निघू. तेवढा उशीर परवडला.

हवा शनिवारी पहाटेच भर, कारण रबरी ट्यूबमधून रोज थोडी हवा जातेच. तुझं वजन ६४ किलो आणि टायर २८ मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे पुढे ७० आणि मागे ७५ पीएसआय पुरे. रस्ता ओला असेल तर दोन्हीकडे पाच कमी. शंभर भरली की सायकल पळते असं वाटतं खरं, पण खडबडीत डांबरावर टणक टायर नुसता उडतो आणि ते धक्के तुझ्या कमरेत आणि मनगटात जमा होतात. पुढे पळताना ते जाणवतात.

वाट नेहमीची. घरून सिंहगड रस्त्याने धायरी फाटा, खडकवासला, डोणजे, मग उजवीकडे पाणी ठेवत गोऱ्हे, खानापूर आणि पानशेत. जाऊन-येऊन सत्तरच्या आसपास होतात. चढउतार भरपूर आहेत पण मोठा घाट नाही, म्हणून हा रस्ता या कामाला चांगला. डोणज्याहून सिंहगडाकडे वळायचा मोह आवर. गडाचा चढ मांड्या कापून ठेवतो, आणि आपल्याला मांड्या नंतर पळायच्या पाच किलोमीटरसाठी राखायच्या आहेत. पहाटे निघण्याचं कारण उन्हाचं नाही, गर्दीचं आहे. आठनंतर धरणाच्या भिंतीजवळ गाड्या कशाही थांबतात आणि दरवाजे न बघता उघडतात. उभ्या गाडीपासून हातभर नाही, पूर्ण दार उघडेल एवढं अंतर ठेव. परतताना तिथे वेगाचा विचार सोडून दे. मागचा लाल दिवा उजाडल्यावरही चालू राहू दे. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि बसथांब्यापुढचं सांडलेलं डिझेल ओलं असताना बर्फासारखं निसटतं, त्यामुळे तिथे ना ब्रेक, ना वळण.

पंक्चर झालं तर घाई करू नकोस. टायरवरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हच्या अगदी लगत येईल असा टायर बसव. त्याचा उपयोग असा: ट्यूबमध्ये हवा भरून भोक सापडलं की ते व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते बघायचं, आणि टायरवर तेवढ्याच अंतरावर दोषी वस्तू सापडते. ट्रकच्या फाटलेल्या टायरमधली केसाएवढी पोलादी तार बहुधा निघते. ती बाहेरून दिसत नाही. आतून बोट फिरवलंस तर बोट कापेल, म्हणून कापडाची चिंधी फिरव. जिथे धागा अडकतो तिथे तार. ती काढल्याशिवाय नवी ट्यूब घातलीस तर दहा मिनिटांत दुसरं पंक्चर ठरलेलं. नवी ट्यूब घालण्याआधी तिच्यात दोन फुंका हवा भर, म्हणजे ती गोल राहते आणि रिम-टायरच्या मध्ये चिमटत नाही. पूर्ण हवा भरण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी टायर अंगठ्याने दाबून बघ. ट्यूबचा काळा काठ कुठे डोकावत नाही ना? सोबत दोन ट्यूब, टायर काढायचे तीन लिव्हर आणि हातपंप ठेव. हवा भरायची गॅसची नळी स्पर्धेत वापर, सरावात पंपच बरा.

आता खाणंपिणं. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे.

यकृतात आणि स्नायूंत मिळून आपल्याकडे साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर साठलेली असते. गोव्याला तू सहा-साडेसहा तास मेहनत करणार. साठा पुरत नाही, आणि भूक लागल्याचं कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून पहिला घास सायकल सुरू झाल्यावर विसाव्या मिनिटाला आणि पुढे दर वीस मिनिटांनी. घड्याळात गजर लाव, आठवणीवर सोडू नकोस. तासाला ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट हे आपलं लक्ष्य.

बाटलीचं माप लिहून ठेव: ७५० मिली पाणी, ४५ ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, अर्ध्या लिंबाचा रस. साखर काट्यावर मोज, अंदाजाने नको. हे सहा टक्क्यांचं पाणी झालं. साखर वाढवून दहा-बारा टक्क्यांवर नेलीस तर ते जठरातून लवकर पुढे सरकत नाही. पोटात डचमळतं, पळायला लागलास की पोटात कळ येते, आणि आपण दोष लिंबाला देतो. लिंबाच्या बिया काढ, नाहीतर दोन तासांनी पाणी कडू होतं. तासाला एक बाटली आणि वर दोन-तीन खजूर, बिया काढलेले. मिळून ६० ग्रॅम होतात. शेंगदाण्याची चिक्की घरी आल्यावर खा. शेंगदाण्यातली चरबी पचायला वेळ घेते, मेहनत चालू असताना ती पोटात बसून राहते.

सायकलला बाटल्या दोन आणि वेळ पावणेतीन तास, म्हणजे तिसरी लागणार. मी साखर-मिठाच्या दोन पुड्या मोजून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवीन. पानशेतला सीलबंद पाणी घे, बाटलीत पुडी रिकामी कर, हलव, निघ. गोव्यालाही असंच करता येईल. तिथे टेबलावर जे पेय देतील ते पोटाला सोसेल की नाही हे आधी तपासलेलं नसेल, तर त्याला तोंड लावू नकोस.

निघण्यापूर्वी आणि आल्यावर कपडे काढून वजन कर. समज, निघताना ६४.०, आल्यावर ६२.९, आणि मध्ये प्यायलास २.२ लिटर. म्हणजे घाम गेला ३.३ लिटर, पावणेतीन तासांत, तासाला १.२ लिटर. गेलेलं सगळं भरून काढायची गरज नसते. वजन दोन टक्क्यांहून जास्त, तुझ्या बाबतीत सव्वा किलोपेक्षा अधिक घटलं तर पिणं वाढवायचं. पण वजन वाढलेलं दिसलं तर ते जास्त वाईट. नुसतं साधं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस तहान समजून आणखी पितो. गोव्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो, त्यामुळे अंग थंड होत नाही. पुण्यातला तुझा आकडा तिथे कमी पडेल. तो आकडा तळ म्हणून धर.

सकाळचा नाश्ता साडेतीनला. मऊ भात, मीठ, चमचाभर तूप, आणि एक केळं. पोहे नकोत, फोडणीचं तेल आणि शेंगदाणे आडवे येतात.

शेवटच्या दीड किलोमीटरला गिअर हलका कर आणि पाय मिनिटाला पंचाण्णव वेळा फिरू देत. घरी आल्यावर सायकल पार्किंगमध्ये टेक आणि पाच मिनिटांच्या आत पळायला लाग. ब्रिकचा, म्हणजे सायकलनंतर लगेच पळण्याच्या या सरावाचा, पहिला किलोमीटर पाय लाकडाचे वाटतील. तासन्तास वाकून बसल्यामुळे जांघेचे स्नायू आखडलेले असतात. ते दोन किलोमीटरमध्ये सुटतात. खरा धोका वेगळा आहे. सायकलच्या वेगाला सरावलेलं मन पळण्याचा वेग कमीच मानतं, त्यामुळे आपण हळू चाललोय असं वाटतं आणि घड्याळात मात्र किलोमीटरला अर्धा मिनिट वेगाने पळत असतो. पहिले दोन किलोमीटर ठरल्यापेक्षा वीस-तीस सेकंद सावकाश पळ, मनाचं ऐकू नकोस. छोटी पावलं, ताठ कंबर. एकूण पाच किलोमीटर, एक मीटरही जास्त नाही.

दुपारी वरण-भात, उसळ, ताक, आणि झोप. संध्याकाळी पार्किंगमध्ये ट्रान्झिशनची, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना सामान बदलण्याची, उजळणी पाच वेळा. टॉवेल अंथर. हेल्मेट उलटं हँडलवर, पट्टे बाहेर सोडलेले, आत गॉगल. मोजे पावडर टाकून अर्धे गुंडाळलेले, बुटांना इलॅस्टिकच्या लेस, शेजारी पाय धुवायला पाण्याची बाटली. गोव्याच्या मिरामार किनाऱ्याची वाळू मोज्यात गेली की दहाव्या किलोमीटरला फोड येतो. एकच गोष्ट हाताला पाठ करायची: हेल्मेटचा पट्टा लागल्याशिवाय सायकलला स्पर्श नाही, आणि परत आल्यावर सायकल स्टँडला लागल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही. यावर दंड होतो, आणि दमलेल्या माणसाच्या हातून हीच चूक होते. नंबरचा पट्टा सायकलवर पाठीला, पळताना पोटावर.

रविवारी उठल्याउठल्या, अंथरुणातच नाडी मोज. रोजच्यापेक्षा आठ-दहा ठोके जास्त असतील तर पळणं निम्मं करू. ते मी ठरवीन, तू वाद घालू नकोस.

पोहायला बालेवाडी, कारण तिथला तलाव ५० मीटरचा आहे. २५ मीटरच्या टँकमध्ये दर भिंतीला ढकलून चार-पाच मीटर फुकट मिळतात. समुद्रात भिंत नाही. ३०० मीटर सावकाश, सहा वेळा ५०, मग चार वेळा ४००, दर दोहोंच्या मध्ये तीस सेकंद विश्रांती, शेवटी १००. चौथे ४०० पहिल्यापेक्षा दहा सेकंदांहून जास्त हळू झाले तर पहिले वेगात गेले असं समज. दर सात-आठ हातांनी फक्त डोळे पाण्याबाहेर काढून समोरची एखादी खूण बघ. पूर्ण डोकं उचललंस की कंबर बुडते. गर्दीत छाती आवळल्यासारखी झाली तर पाण्यात श्वास पूर्ण सोड; माणूस श्वास आत घ्यायला धडपडतो, पण अडचण न सोडलेल्या श्वासाची असते. खडकवासल्याच्या पाण्यात उतरायचं नाही. गाळ आहे, काठ एकदम खोल होतो, दरवर्षी माणसं बुडतात. मोकळ्या पाण्याचा सराव गोव्याला दोन दिवस आधी पोचून, सुरक्षा बोटी असताना.

पोहून झाल्यावर नऊला तिथल्याच डांबरी रस्त्यांवर पळ. सावली नाही, हे मला माहीत आहे. गोव्याला तू पळायला लागशील तेव्हा साडेदहा-अकरा वाजलेले असतील. साडेतीन किलोमीटरचा फेरा, चार वेळा. दर फेऱ्याला मी गाडीपाशी पाणी आणि बर्फ घेऊन उभी असेन. बर्फ टोपीत घाल. अंगावर काटा आला, थंडी वाजली किंवा घाम थांबला, तर तिथेच थांबायचं. पायात एकाच जागी टोचणारी, पाऊल बदलायला लावणारी कळ आली तरी थांबायचं. दोन्ही मांड्या सारख्या ठणकत असतील तर चालू दे. दुखण्याची गोळी खिशात आणू नकोस. पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडांवर बेतते.

ट्रायसूट (पोहणं, सायकल, पळणं तिन्हींत घालायचा अंगाबरोबरचा पोशाख) आण, दोन्ही दिवस तोच घालायचा आहे. शिवण कुठे घासते ते आत्ताच कळू दे. आणि बाटल्यांची झाकणं उघडून घासून आण. रबराच्या चकतीखाली काळी बुरशी बसते. टाचणीने चकती उचल, खाली सोडा लाव, गरम पाण्यात दहा मिनिटं ठेव.

तुझी,
आई