निर्लेखनाआधी केबल बदलून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या संगणकावर उबंटू, मिंट किंवा सी-डॅकचे बॉस यांपैकी एखादी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम टाकली की तो शाळेत, वाचनालयात आणखी काही वर्षे सहज चालतो. पण फाइल कॉपी होता होता ‘इनपुट/आउटपुट एरर’ आला, की ‘डिस्क गेली’ असा निकाल देऊन डेडस्टॉक रजिस्टरात निर्लेखनाची (वस्तू निकामी ठरवून काढून टाकण्याची) नोंद होते. वास्तविक दोष कुठे आहे ते लिनक्स स्वतःच लिहून ठेवते. ते वाचण्याची तसदी घेतली जात नाही.

एरर आल्याबरोबर, संगणक बंद न करता, टर्मिनलमध्ये ‘सुडो डीमेसग’ (sudo dmesg, लिनक्सच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) द्यावे आणि शेवटच्या ओळी पाहाव्यात. ‘यूएनसी’ दिसले तर डिस्कवरचा तो सेक्टरच (डेटा साठवण्याचा छोटा कप्पा) वाचता येत नाही. ‘आयसीआरसी’ दिसले तर डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत डेटा खराब होतो आहे. अशा वेळी जोडीला ‘हार्ड रिसेटिंग लिंक’ ही ओळ येते आणि साटाचा (डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या जोडणीचा) वेग सेकंदाला ६ गिगाबिटवरून ३ वर, मग १.५ वर उतरतो. कॉपी आधी रांगते आणि मग थांबते, ती यामुळे. अशा वेळी पहिला संशय डिस्कवर नव्हे, साटा केबलवर घ्यावा. केबल बदलावी, दुसऱ्या पोर्टात लावावी, एसएमपीएसकडून (संगणकातल्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून) येणारा पॉवर कनेक्टरही घट्ट बसवावा. आपल्याकडच्या धुळीत हे सांधे लवकर खराब होतात.

खात्रीसाठी स्मार्टमॉनटूल्स हे पॅकेज टाकून ‘स्मार्टसीटीएल’ (smartctl) चालवावे; डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, ती ही आज्ञा दाखवते. १९९ क्रमांकाच्या ओळीत वाटेतल्या चुकांची मोजणी असते. हा आकडा कधीच शून्यावर येत नाही, म्हणून तो मोठा दिसला तरी घाबरू नये. तो लिहून ठेवावा, केबल बदलावी, वीस-पंचवीस जीबी कॉपी करावे आणि पुन्हा पाहावा. आकडा तोच राहिला तर दुखणे मिटले. वाढला तर पोर्ट किंवा एसएमपीएस तपासावा. ५, १९७ आणि १९८ या ओळी मात्र खुद्द डिस्कच्या, म्हणजे तिच्यावरच्या खराब किंवा संशयित सेक्टरांच्या आहेत. १९७ मध्ये एखादा सेक्टर दिसला म्हणून लगेच डिस्क मोडीत काढू नये. लिहिणे चालू असताना वीज गेली तर धडधाकट डिस्कवरही असा सेक्टर अर्धवट राहतो, आणि भारनियमनाच्या गावात यूपीएस नसेल तर हे व्हायचेच. ५ आणि १९७ हे आकडे दर आठवड्याला चढत असतील, तर ती डिस्क संपली.

सर्वांत मोठे नुकसान होते ते ‘एफएससीके’ (fsck, फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी आज्ञा) घाईने चालवल्यामुळे. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर, किंवा माउंट असलेल्या (वापरात जोडलेल्या) पार्टिशनवर, ते चालवूच नये. आधी ‘डीडीरेस्क्यू’ (ddrescue) या बिघडत्या डिस्कची प्रत काढणाऱ्या साधनाने तितक्याच किंवा मोठ्या डिस्कवर प्रत काढावी (उबंटूत पॅकेजचे नाव जीडीडीरेस्क्यू असे आहे). पहिल्या फेरीला ‘एन’ (-n) पर्याय द्यावा, म्हणजे चांगला भाग आधी निघतो. हट्टी सेक्टरांसाठी नंतर ‘आर ३’ (-r3). मॅपफाइल (कुठला भाग निघाला, कुठला राहिला याची नोंद) तिसऱ्याच डिस्कवर ठेवावी. आज्ञेत मूळ डिस्क आधी आणि नवी नंतर. हा क्रम उलटला तर होते नव्हते ते सगळे पुसले जाते. दुरुस्ती करायची ती प्रतीवर.

बाहेरून लावायच्या यूएसबी डिस्कचे रडगाणे बहुतेकदा विजेचे असते. यूएसबी २ चे पोर्ट ५०० मिलिअँपिअर देते, ३ चे ९००. फिरताना डिस्क त्याहून जास्त मागू शकते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टाऐवजी मागच्या पोर्टात लावून पाहावी. ४ जीबीपेक्षा मोठी फाइल फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर जात नाही, हा बिघाड नव्हेच.

जिल्हा परिषदांना एकच विनंती आहे: संगणकाच्या निर्लेखन प्रस्तावाला स्मार्टसीटीएलच्या अहवालाची प्रिंट जोडणे सक्तीचे करावे. केबलच्या दोषापायी भंगारात गेलेली डिस्क बाहेर कोणालाही व्यवस्थित वाचता येते, आणि शाळेच्या डिस्कवर विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक व बँक खाती असतात.

– संगणक दुरुस्ती क्षेत्रातील एक वाचक, परभणी