ईशानच्या फुटबॉलविषयी आई-बाबांना

वेस्टमीड, सिडनी
१० ऑगस्ट

ती. आई आणि बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आमचा ईशान इथल्या फुटबॉल अकादमीत जातो म्हणजे नेमके काय करतो, त्यातून पुढे काय होणार आणि या सगळ्यात त्याच्या शिक्षणाचे काय, असे तीन प्रश्न बाबांनी विचारले आहेत. हे प्रश्न अमोलला आणि मलाही पडले होते, आणि त्यांची उत्तरे आम्ही बरीच चौकशी करून, इतर पालकांशी आणि प्रशिक्षकांशी बोलून मिळवली आहेत. ती सविस्तर कळवावीत म्हणून हे पत्र. आईला त्याच्या डोक्याला मार लागण्याची भीती वाटते, त्याविषयीही लिहिते.

बाबांनी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर आयुष्यभर पाहिलेल्या फुटबॉलपेक्षा हा खेळ, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, अगदी निराळा आहे. इथे हिवाळ्यात क्रिकेटची मोठमोठी लंबगोल मैदाने या खेळाला दिली जातात. ज्या सिडनी क्रिकेट ग्राउंडवरचे कसोटी सामने तुम्ही पहाटे उठून पाहता, तेथेच स्वान्स हा संघ हे सामने खेळतो. एका बाजूला १८ खेळाडू असतात आणि चेंडू अंडाकृती असतो. तो हाताने फेकता येत नाही, एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा मारून सोबत्याकडे द्यावा लागतो, नाहीतर लाथेने मारावा लागतो. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून लाथेने मारलेला चेंडू गेला तर ६ गुण आणि बाजूच्या खांबांमधून गेला तर १ गुण मिळतो. कुणी लांबून मारलेला चेंडू हवेत अलगद झेलला, तर झेलणाऱ्याला अडथळ्याविना लाथ मारण्याचा हक्क मिळतो. ईशानला या खेळातले सर्वांत जास्त काही आवडत असेल तर ते हे झेल.

आता अकादमीविषयी. व्हिक्टोरिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया या राज्यांत हा खेळ घराघरांत आहे, पण न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडमध्ये रग्बी लीगचे राज्य आहे. स्वान्स क्लब १९८२ साली मेलबर्नहून सिडनीला आला आणि आमच्या पश्चिम सिडनीचा जायंट्स क्लब तर २०१२ पासूनच एएफएल या मुख्य राष्ट्रीय स्पर्धेत खेळू लागला. या दोन राज्यांत चांगली मुले आपोआप तयार होत नाहीत, ती शोधून घडवावी लागतात, हे ओळखून २०१० च्या सुमारास तेथील चार क्लबांच्या अकादम्या उभ्या राहू लागल्या: स्वान्स, जायंट्स, ब्रिस्बेन लायन्स आणि गोल्ड कोस्ट सन्स. प्रत्येकीचा प्रदेश आखून दिलेला आहे. कोल्हापुरात मुलगा कोणत्या तालमीकडून खेळणार हे जसे बहुतेक वेळा तो कोणत्या पेठेत वाढला यावरूनच ठरते, तसेच इथे घराच्या पत्त्यावरून अकादमी ठरते, आणि वेस्टमीडला राहणारा ईशान म्हणून जायंट्सकडे आहे.

बाबा, अकादमी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर बहुधा वसतिगृह आणि पहाटेचा भोंगा आला असेल. तसे काही नाही. तो घरीच राहतो, शाळा नेहमीसारखी करतो, शनिवार-रविवारी आपल्या स्थानिक क्लबाकडून सामने खेळतो आणि संध्याकाळी सरावाला जातो. तेथे काय शिकवतात हे मी कुंपणाबाहेर उभी राहून पुष्कळदा पाहिले आहे. ईशान उजव्या पायाचा आहे, म्हणून त्याला डाव्या पायाने लाथ मारायला लावतात. पण प्रशिक्षक त्याच्या पायाकडे पाहतच नाहीत, हाताकडे पाहतात. चेंडू मांडीसमोर एका हाताने किती खाली नेऊन सोडला, सोडताना त्याचे टोक कुणीकडे होते आणि पायाला लागेपर्यंत तो हवेत वळला का, एवढेच ते पुन्हा पुन्हा दुरुस्त करतात, कारण चेंडू वेडावाकडा पडला की पाय कितीही जोरदार असला तरी लाथ भरकटते. डाव्या बाजूला हात बदलून चेंडू सोडायचा असतो आणि तो हात अजून त्याचे ऐकत नाही. ज्या मुलाला गणिताची एक पायरी दोनदा लिहायचा कंटाळा येतो, तो ही एकच गोष्ट अंधार पडेपर्यंत करत राहतो, हे पाहून मला फार समाधान वाटते.

पुढची वाट अशी आहे. पाच-सहा वर्षांची मुले ऑस्किक नावाच्या खेळवजा वर्गांपासून सुरुवात करतात, मग वस्तीतल्या क्लबाच्या वयोगटांत येतात आणि बारा-तेराव्या वर्षापासून त्यांतली काही अकादमीत घेतली जातात. तेथे निवड एकदा होऊन संपत नाही. ती दर वर्षी नव्याने होते आणि गट लहान होत जातो. जी मुले टिकतात ती १६ वर्षांखालील आणि मग १८ वर्षांखालील संघांत खेळतात, व्हिक्टोरियातल्या टॅलेंट लीगच्या संघांशी सामने करतात आणि त्यांतली निवडक मुले राष्ट्रीय स्पर्धेत अलाइज या संघाकडून उतरतात, ज्यात न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलँड, टास्मानिया आणि नॉर्दर्न टेरिटरीची मुले असतात. या संघाने २०२३ मध्ये पहिल्यांदा १८ वर्षांखालील अजिंक्यपद मिळवले, त्याचा इथे फार आनंद झाला. शेवटी मुलगा १८ वर्षांचा होतो त्या वर्षी ड्राफ्ट असतो, म्हणजे १८ क्लब ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू निवडतात. देशभरातून दर वर्षी जेमतेम ६०-७० मुले त्यात घेतली जातात. हा आकडा मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अकादमीत असणे म्हणजे व्यावसायिक खेळाडू होणे नव्हे, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे आणि ईशानलाही आम्ही ते स्पष्ट सांगितले आहे.

अकादमीने घडवलेल्या मुलावर त्या क्लबाचा पहिला हक्क असतो, पण तो फुकटचा नाही. २०१४ मध्ये न्यूकॅसल भागातला आयझॅक हीनी हा अत्यंत गुणी मुलगा स्वान्सला अठराव्या, म्हणजे इतक्या मागच्या क्रमांकावर मिळाला, तेव्हा बाकीच्या क्लबांनी तक्रार केली आणि २०१५ पासून गुणांची पद्धत आली. प्रत्येक क्रमांकाला मोल ठरवले गेले. सुरुवातीच्या कोष्टकात पहिल्याला ३०००, दुसऱ्याला २५१७ आणि असे उतरत जाणारे. दुसऱ्या एखाद्या क्लबाने अकादमीतल्या मुलाचे नाव पुकारले, तर त्याला राखण्यासाठी अकादमीच्या क्लबाला थोडी सवलत धरून तेवढ्या गुणांचे आपले मागचे क्रमांक मोजून द्यावे लागतात. स्वान्सने त्याच वर्षी कॅलम मिल्सला असेच घेतले, आणि तो पुढे संघाचा कर्णधार झाला. जायंट्सने २०१९ मध्ये कॅनबेराच्या टॉम ग्रीनला दहाव्या क्रमांकावर असेच राखले.

मेलबर्नमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी निराळी सोय आहे. तेथील क्लबांनाही २०१६-१७ पासून नेक्स्ट जनरेशन अकादम्या चालवता येतात, पण त्या मूलनिवासी मुलांसाठी आणि आशिया-आफ्रिकेसारख्या भागांतून आलेल्या घरांतील मुलांसाठी आहेत. त्यांचे नियम मात्र वारंवार बदलत आले आहेत. मॅक अँड्र्यू हा इजिप्तमध्ये जन्मलेला, दक्षिण सुदानी घरातला मुलगा मेलबर्न क्लबाच्या अशा अकादमीत होता. पण २०२१ मध्ये पहिल्या २० क्रमांकांत अशा मुलांवर हक्क सांगण्याची बंदी आली आणि गोल्ड कोस्टने त्याला पाचव्या क्रमांकावर नेले. ज्या क्लबाकडे मुलगा शिकला त्याच क्लबाकडे तो जाईल, असे कुणीही लिहून देऊ शकत नाही. घरापासून दूर दुसऱ्या शहरात जाण्याची तयारी अठराव्या वर्षी ठेवावी लागते, आणि आई, मी स्वतः कोल्हापूर सोडून इतकी दूर आले असल्यामुळे या गोष्टीचा विचार मी इतर पालकांपेक्षा जरा जास्तच करते.

या व्यवस्थेतली एक गोष्ट मला पटत नाही, तीही सांगते. इथे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. ईशानचा जन्म नोव्हेंबरचा. त्याच्याच गटात जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली, मिसरूड फुटलेली, त्याच्याहून वीतभर उंच मुले आहेत. चौदाव्या वर्षी कोण पुढे आहे हे पाहताना बरेचदा कोण आधी वाढले आहे एवढेच दिसते, आणि चांगले प्रशिक्षक हे मान्यही करतात. तरी गट लहान करताना मोठ्या अंगाची मुले राहतात आणि उशिरा वाढणारी बाहेर जातात, असे मी डोळ्यांनी पाहिले आहे. माझे स्पष्ट मत आहे की सोळाव्या वर्षापर्यंत कुणालाच वगळू नये. जागा कमी असतील तर सराव कमी द्यावा, पण मूल त्या वाटेवर ठेवावे. हे मी पालकांच्या सभेतही सांगितले आहे.

सुदैवाने बाहेर गेलेल्यांसाठी या खेळात मागचे दरवाजे बरेच आहेत. स्वान्सचा टॉम पॅप्ली मुख्य ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नव्हता. प्लंबिंगचे काम शिकत असताना २०१५ मध्ये झालेल्या रूकी ड्राफ्टमधून, म्हणजे मुख्य ड्राफ्टनंतर शिकाऊ खेळाडूंसाठी होणाऱ्या निवडीतून, तो आला आणि पुढे देशातल्या उत्तम आघाडीपटूंत गणला गेला. पर्थकडच्या राज्य लीगमध्ये खेळणारा टिम केली २०१७ मध्ये निवडला गेला तेव्हा २३ वर्षांचा होता. मार्लियन पिकेट तर २७ व्या वर्षी, २०१९ च्या हंगामाच्या मध्यावर होणाऱ्या ड्राफ्टमध्ये रिचमंडकडे आला, आणि मुख्य स्पर्धेतला त्याचा पहिला सामना म्हणजे थेट अंतिम सामना होता, जो रिचमंडने जिंकला. ईशानला हीनीपेक्षा पिकेटची गोष्ट जास्त आवडते, आणि मलाही.

शिक्षणाविषयी बाबांची काळजी अगदी योग्य आहे. इथली बारावीची लेखी परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असते, शारीरिक चाचण्यांचा राष्ट्रीय कॅम्प, ज्यात २० मीटर धाव, सरळ वर मारलेली उडी, २ किलोमीटर धाव वगैरे मोजतात, तो ऑक्टोबरच्या सुरुवातीला असतो आणि ड्राफ्ट नोव्हेंबरमध्ये, म्हणजे ज्या वर्षी डोके सर्वांत शांत हवे त्याच वर्षी सगळे एकत्र येते. शिवाय निवड झाली तरी पहिला करार दोन-तीन वर्षांचाच असतो. म्हणून अमोलने आणि मी ठरवले आहे की बारावी पूर्ण वेळ आणि मनापासून करायची, विषय सोपे घ्यायचे नाहीत, आणि निवड होवो अथवा न होवो, पुढचे शिक्षण सुरू ठेवायचे. इथे खेळाडूंची संघटना करारबद्ध खेळाडूंनाही शिकण्यासाठी मदत करते आणि बरेच जण खेळता खेळता पदवी घेतात. बाबा, या बाबतीत तुम्ही त्याच्याशी जरूर बोला. तुमच्या शब्दाला तो आमच्यापेक्षा जास्त मान देतो.

आई, तुझ्या भीतीला मी खोटा धीर देणार नाही. या खेळात हेल्मेट नसते आणि टक्कर होते. मात्र मेंदूला धक्का बसल्याचा नुसता संशय आला तरी मुलाला त्या दिवशी मैदानावर परत जाऊ देत नाहीत. त्याच्या वयाच्या मुलांसाठी सर्व लक्षणे थांबल्यावर १४ दिवस गेल्याशिवाय टक्कर होईल असा सराव नाही आणि किमान २१ दिवसांपर्यंत सामना नाही, असा दंडक आहे. हा दंडक पाळला जातो की नाही हे मी स्वतः पाहते, आणि तो मोडताना दिसला तर मी ईशानला त्याच दिवशी घरी आणीन. गुडघ्याचे लिगामेंट तुटण्याचे प्रमाणही या खेळात बरेच आहे आणि त्यात अख्खे वर्ष जाते, म्हणून सरावाआधी उडी मारून नीट उतरण्याचे आणि पटकन दिशा बदलण्याचे व्यायाम करून घेतात. ते तो कंटाळा न करता करतो.

पुढच्या वर्षीच्या गटाची नावे ऑक्टोबरच्या सुमारास कळतील. त्याची उंची पाहता यंदा त्याचे नाव त्यात नसण्याची शक्यता मला खरी वाटते. तसे झाले तर तो स्थानिक क्लबात खेळत राहील आणि पुढच्या वर्षी पुन्हा चाचणीला जाईल, असे त्यानेच ठरवले आहे. तुम्हा दोघांना माझी एकच विनंती आहे, की तोपर्यंत आणि त्यानंतरही फोनवर त्याला निवडीबद्दल काही विचारू नये. शेजारीपाजारी आणि नातेवाईक सगळे तेच विचारतात आणि तो गप्प होतो. त्याऐवजी डाव्या पायाची लाथ कशी चालली आहे ते बाबांनी विचारावे. शक्य तर व्हिडिओवर दाखवायला सांगावे, म्हणजे तो अंगणात जाऊन तुम्हाला करून दाखवील.

तुमची,
वैशाली