कुत्र्याला एक लस की माणसाला पाच?

महोदय,
कुत्रा चावला की माणसाला रेबीजच्या लशीचे चार-पाच डोस घ्यावे लागतात. जखम खोल असेल तर वर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, आणि ते महाग. मजुराची बुडालेली रोजंदारी, एसटीचे भाडे यांचा हिशेब तर कुणी धरतच नाही. उलट कुत्र्याला वर्षाकाठी एक डोस पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार ७० टक्के कुत्र्यांना लस दिली की रेबीजची साखळी तुटते. शेजारच्या गोव्याने हे करून दाखवले: जाळी घेऊन गावोगाव फिरणारी पथके, शाळांतून मुलांना धडे. २०२१ मध्ये ते राज्य ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ जाहीर झाले.

आपल्याकडे भर असतो तो चावल्यानंतरच्या इंजेक्शनांवर. ती हवीतच, त्यात एक पैसाही कपात नको. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजवर इलाज नाही. पण माणसांना कितीही टोचले तरी कुत्र्यांमधला विषाणू तसाच राहतो आणि पुढल्या वर्षी तोच खर्च पुन्हा उभा राहतो. सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेने कुत्र्यांच्या लसीकरणासाठी वेगळी तरतूद करावी, तीही दरवर्षी. एक वर्ष खंड पडला तरी नवी पिल्ले लशीविना वाढतात.

– एक वाचक, सावंतवाडी