कर्नाळ्याच्या पायथ्याच्या काकांना आभारपत्र

ती. काका,
सा. न. वि. वि.

कर्नाळ्याला सगळे ‘सोपा गड’ म्हणतात. पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने १२ किलोमीटरच्या आसपास, उंची साडेचारशे मीटरच्या आतबाहेर, वर जायला दीड-दोन तास. सकाळी निघून जेवायला घरी. म्हणूनच अर्धी बाटली पाणी आणि गुळगुळीत तळव्याचे बूट घेऊन माणसं येतात आणि तुम्ही त्यांना पायथ्याच्या पक्षी अभयारण्याच्या फाटकापाशीच अडवून चार गोष्टी सांगता. आमच्यासोबत येणाऱ्या नवख्यांना त्याचा किती उपयोग होतो, ते एकदा लिहून कळवायचं होतं.

आधी पाणी. माणशी ३ लिटर आणि त्यातली एक बाटली उतरणीसाठी राखून, हा तुमचा हिशेब बरोबर आहे. खाडी जवळ, हवा दमट. घाम निथळतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. पहिला चढ दाट झाडीतला, सावली भरपूर, पण वारा पडलेला; थकवा तिथेच येतो, आणि सावलीमुळे कुणाच्या लक्षात येत नाही. तुमचं साखर-मिठाचं मापही आम्ही आता सगळ्यांना पाठ करायला लावतो: १ लिटर पाण्याला चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकायचं नाही, जास्त झालं तर उलट अपाय. वरच्या टाक्यांतल्या पाण्यावर भिस्त ठेवून कुणी निघू नये, हेही तुम्ही बजावता. उन्हाळा लागला की ते पाणी गाळून-उकळूनच प्यावं असं असतं, आणि गडावर उकळणार कशात?

दुसरं, उतरण. डिसेंबरनंतर साग-ऐनाची पानं वाटेवर वीतभर साचतात आणि त्याखाली सुटा मुरूम. भीतीने माणूस मागे रेलतो, वजन टाचेवर जातं, पानांचा थर सरकतो आणि तो धप्पकन बसतो. तुम्ही शिकवता ते उलटं: गुडघे किंचित वाकवा, अंग पावलावर येऊ द्या, पाऊल आडवं आणि छोटं टाका. काठी आधी, पाय मागून. काठीने पान बाजूला सारलं की खाली दगड आहे की मुरूम ते दिसतं, आणि फुरसं, म्हणजे तो छोटा विषारी साप, असलं तर तेही. पानांच्या रंगात मिसळून गेलेलं जनावर, पायाने शोधण्यासारखं नाही ते! चावलंच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही. चावलेला हातपाय हलू न देता १०८ ला फोन आणि दवाखाना.

खाजकुयलीचं मात्र तुमच्याकडूनच कळलं. मखमली, तपकिरी, जराशा वाकड्या शेंगा दिसायला छान, आणि नवखा हात लावतोच. लव अंगात टोचली की माणूस चोळतो. चोळल्याने ती पसरते. तुम्ही खिशातून चिकटपट्टीचं भेंडोळं काढता, पट्टी हलकेच दाबता आणि लवेसकट उचलता. दर वेळी नवा तुकडा. एवढं साधं औषध, पण आमच्या कुठल्याच प्रथमोपचार पेटीत नव्हतं.

आणि सुळका. कर्णाई देवीच्या देवळापर्यंत माणसं गप्पा मारत येतात. पुढे पायऱ्या, दरवाजे आणि एकदम समोर तो अंगठ्यासारखा कातळ. पावसाळा सरला की त्याच्या कपारींना आग्या मोहोळं लटकतात. अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको, दगड तर नकोच, हे पाटीवरही लिहिता येईल. तुम्ही पुढचं सांगता. माश्या उठल्या तर हातवारे करायचे नाहीत, कारण चिरडलेल्या माशीचा वास बाकीच्यांना बोलावतो. तोंड-डोकं कापडाने झाकायचं, कठडा धरून झपाझप खाली झाडीत यायचं. टाक्यात उडी मारायची नाही, माश्या वर घिरट्या घालत थांबतात. पायऱ्यांवर पळायचं तर अजिबात नाही. नांगी दिसली की नखाने लगेच खरवडून काढायची. उशीर झाला तर विष आत जात राहतं. ओठ सुजले, श्वास लागला, तर ‘थोडं बसतो’ म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही, तडक दवाखाना.

१६६५ च्या पुरंदरच्या तहात गेलेल्या २३ किल्ल्यांत हा एक, हे आम्हीही सांगतो. शीळकरी कस्तूर पक्ष्याची शीळ ऐकू आली की मंडळींना गप्प कसं करायचं, ते अजून तुम्हालाच जमतं.

फाटकावर प्लास्टिक मोजून अनामत घेतात म्हणून कुरकुर करणाऱ्यांना आम्ही आता घरूनच पितळी डबे आणायला सांगतो. मोजायलाच काही उरत नाही, रांगेतली दहा मिनिटं वाचतात आणि तेवढा चढ उन्हाआधी होतो.

कळावे, लोभ असावा.

आपले,
पनवेलहून माणसं घेऊन येणारे

ता. क. तुमची वेळूची काठी फाटकाच्या आत भिंतीला टेकवून ठेवली आहे. टोक झिजून कुंच्यासारखं झालंय. इंचभर कापून खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट बसवला, तर कातळावर घसरणार नाही.