बावखले बुजवू नका

वसई-विरार महापालिका २००९ साली स्थापन झाली आणि २०११च्या जनगणनेतच लोकसंख्या १२ लाखांपुढे गेली होती. नव्याने आलेल्यांबद्दल माझी तक्रार नाही. निर्मळची जत्रा, गावोगावचा नाताळ, कोळीवाड्यांतली नारळी पौर्णिमा आणि आता छठपूजा, हे सगळे इथे गुण्यागोविंदाने चालते.

तक्रार आहे ती बावखले बुजवण्याबद्दल. वाड्यांतली ही जुनी तळी पावसाचे पाणी साठवत, जमिनीत मुरवत. केळी आणि फुलांच्या बागा त्यांवरच पोसल्या. आता रातोरात डंपर येतो, माती पडते आणि वर्षभरात तिथे इमारत उभी राहते. जुलै २०१८मध्ये नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, तेव्हा दोष नुसता पावसाला दिला गेला. पाणी जाणार तरी कुठे?

पालिकेने उरलेल्या बावखलांची सर्वे क्रमांकांसह यादी जाहीर करावी आणि पावसाळ्याआधी प्रत्येक प्रभाग कार्यालयात लावावी.

– एक वाचक, वसई