पोर्टल काढलं, तरी फोन का वाजतोय?

संपादक महोदय,

हल्ली कुठल्याही कंपनीला फोन लावला की पहिलं वाक्य हेच, तुमची माहिती आता आमच्या पोर्टलवर उपलब्ध आहे. मी अकरा वर्षं ही सेल्फ सर्व्हिस पोर्टलंच, म्हणजे लॉगिन करून आपली ऑर्डर, बिल आपणच बघायच्या वेबसाइट, बनवतोय आणि त्याआधी दोन वर्षं कस्टमर केअरला हेडफोन लावून बसलोय, म्हणजे दोन्हीकडच्या शिव्या खाऊन झाल्यात, म्हणून हे लिहितोय.

एका कंपनीचं पोर्टल सुरू झालं, चार महिने झाले तरी फोन काही कमी होईनात. मॅनेजमेंटचं म्हणणं, लोकांना वापरता येत नाही, ट्रेनिंगचे व्हिडिओ टाका. आम्ही दोन दिवस बसून कॉल रेकॉर्डिंग ऐकली तर भलतंच निघालं, लोक आधी लॉगिन करत होते आणि मग स्क्रीनवरचा ऑर्डर नंबर वाचून दाखवत फोन करत होते! कारण पोर्टलवर लिहिलेलं असायचं 'ऑर्डर प्रक्रियेत आहे', बस्स. आणि तोच ऑर्डर नंबर कस्टमर केअरच्या मुलीने टाकला की तिला दिसायचं, पाचपैकी एक आयटम स्टॉकमध्ये नाही, मंगळवारी येणार, बाकीचे चार पॅक होऊन पडलेत. मग हे कस्टमरला का नाही दाखवत? तर म्हणे एवढं आतलं त्याला कशाला कळायला हवं. अहो, फोन केल्यावर कळतंच ना त्याला, मधल्या मधे एक माणूस आणि दहा मिनिटं जातात एवढंच.

दुसरी गोष्ट ताज्या माहितीची. बरीच पोर्टलं आतल्या ईआरपीमधून, म्हणजे कंपनीचे हिशोब आणि स्टॉक सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, रात्री एकदा डेटा उचलतात, म्हणजे सकाळी पैसे भरले तरी दिवसभर थकबाकी दिसतच राहते आणि घाबरलेला माणूस परत भरतो. रिअल टाइम जमत नसेल तर नसू दे, पण 'ही माहिती काल रात्री ११ वाजेपर्यंतची आहे' ही एक ओळ टाकायला काय जातं? आम्ही टाकली आणि त्या विषयाचे फोन बऱ्यापैकी बंद झाले.

डीलर, सप्लायर यांचे हाल तर विचारूच नका. ग्राहकाला एकच पोर्टल बघायचं असतं, डीलरकडे दहा कंपन्यांची दहा, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा आणि स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये असलेली ऑर्डर तिथे परत टाइप करायची. त्याला चकचकीत डॅशबोर्ड नको असतो हो, एपीआय द्या, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर तुमच्या सॉफ्टवेअरशी थेट बोलेल, नाहीतर निदान एक्सेल अपलोड तरी द्या. नवीन माणसाला लॉगिन हवं तर कंपनीला मेल करून आठवडाभर वाट बघायची, म्हणून मग एकच लॉगिन चौघं वापरतात, आणि नोकरी सोडून गेलेला पाचवाही घरी बसून रेट बघू शकतो. युजर घालायचा-काढायचा अधिकार डीलरलाच द्या, बिलिंगवाल्याला बिल दिसू दे, गोडाऊनवाल्याला डिस्पॅच. दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती पण बंद करा, मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच सांगून ठेवलंय की ठोस कारण नसताना अशी सक्ती नको. लोक तो मॉनिटरला चिठ्ठी लावून ठेवतात, सगळ्यांना माहितीये.

आणि खरी सुरक्षा भलतीकडेच राहते. लिंकमधला बिल नंबर एकाने वाढवला की दुसऱ्याच डीलरचं बिल उघडतं, हे मी स्वतः एकापेक्षा जास्त ठिकाणी बघितलंय. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत हा परवानगी न तपासण्याचा घोळच पहिल्या नंबरावर आहे. नुसतं बटण लपवून भागत नाही, हे बिल मागणाऱ्याचंच आहे का हे सर्व्हरने दर वेळी तपासायला हवं.

फॉर्म भरता भरता कागद शोधायला उठलं की सेशन संपलेलं, हा अनुभव कुणाला नाही? वेब अॅक्सेसिबिलिटीचे, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे, जे नियम आहेत त्यात साधारणपणे वेळ संपण्याआधी सांगा आणि वाढवून घ्यायला निदान २० सेकंद द्या असं आहे, आणि ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीत तर एकाच कामात तीच माहिती दोनदा टाइप करायला लावू नका हेही आलंय. मुळात हे नियम अपंगांसाठी केलेले, पण फायदा सगळ्यांचाच आहे.

आता आमच्याकडे टीममध्ये नवीन आलेल्याला आधी एक दिवस कॉल ऐकायला बसवतात. परवा एक मुलगी जेवणाच्या सुट्टीत तणतणत आली, "सर, हे 'प्रक्रियेत आहे' कुठल्या शहाण्याने लिहिलंय?"

मीच लिहिलं होतं.

आपला,
एक पोर्टलवाला वाचक